नव्या दुचाकीसोबत मिळणारी ‘एक अधिक पाच’ विमा पॉलिसी : नागपूरकरांसाठी एक परीक्षण

नागपुरात नवी दुचाकी घेणाऱ्या जवळपास प्रत्येकाला शोरूममधून गाडीच्या किल्ल्यांबरोबर एक विमा पॉलिसी मिळते, आणि बहुतेक घरांत ती आरसीच्या पाकिटात किंवा डिकीत ठेवली की पुन्हा उघडली जात नाही. हे परीक्षण त्याच पॉलिसीचे आहे. व्यवहारात तिला ‘वन प्लस फाइव्ह’ म्हणतात. तिच्यात स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा, म्हणजे ओन डॅमेज, एक वर्षाचा असतो आणि इतरांच्या नुकसानीच्या जबाबदारीचा विमा, म्हणजे थर्ड पार्टी, पाच वर्षांचा असतो. मुलीसाठी सव्वाशे सीसीची स्कूटर घेण्याच्या निमित्ताने मी या पॉलिसीचे शेड्यूल, म्हणजे मुदती आणि रकमा छापलेले तपशीलपत्र, आणि त्यामागच्या अटी ओळ न् ओळ वाचल्या. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे जे नुकसान होईल त्यापुरती ही पॉलिसी अतिशय मोलाची आणि स्वस्त आहे, स्वतःच्या गाडीपुरती ती एकाच वर्षाची आहे, आणि गाडी चालवणाऱ्याच्या स्वतःच्या जिवासाठी तिच्यात लोकांना वाटते त्यापेक्षा बरेच कमी आहे, असे माझे मत झाले. विक्रीच्या काउंटरवर मात्र हे तीन भाग वेगळे करून कोणी सांगत नाही. “काकाजी, आता पाच वर्षं पाहायचं कामच नाही,” एवढ्या एका वाक्यात विषय संपतो.

पाच वर्षांची ही सक्ती फार जुनी नाही. रस्त्यावर धावणाऱ्या दुचाकींपैकी कितीतरी गाड्यांचा विमा पहिल्या वर्षानंतर नूतनीकरणच होत नव्हता, आणि अशा गाडीने कोणाला धडक दिली तर जखमीच्या हाती काही पडत नसे. त्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निर्देश दिले आणि १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा आणि नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घेणे बंधनकारक झाले. त्या काळात ओन डॅमेजही पाच वर्षांसाठी विकत मिळत असे, परंतु विमा नियामक आयआरडीएआयने १ ऑगस्ट २०२० पासून ती दीर्घ मुदतीची संपूर्ण पॉलिसी बंद केली, आणि तेव्हापासून नव्या गाडीसाठी एक अधिक पाच हीच रूढ रचना झाली. थर्ड पार्टीची सक्ती स्वतः मात्र मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ मधून आलेली आहे. सार्वजनिक जागी विम्याशिवाय गाडी चालवल्यास कलम १९६ खाली पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. पुढच्या वेळी दंड ४,००० रुपये होतो.

थर्ड पार्टीचा दर कोणतीही कंपनी स्वतः ठरवत नाही, तो सरकार ठरवते. त्यामुळे सीताबर्डीच्या शोरूममध्ये घ्या, धरमपेठेतल्या एजंटाकडून घ्या किंवा मोबाइलवर घ्या, या भागाची किंमत एकच असते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार ७५ ते १५० सीसीच्या नव्या दुचाकीला पाच वर्षांचे ३,८५१ रुपये, १५० ते ३५० सीसीला ७,३६५ रुपये आणि ३५० सीसीच्या वर १५,११७ रुपये लागतात. त्यावर १८ टक्के जीएसटी येतो. सव्वाशे सीसीच्या स्कूटरचा हिशेब त्यामुळे साधारण ४,५४४ रुपयांवर जातो, म्हणजे महिन्याला ७६ रुपये. याच गटाचा एका वर्षाचा दर ७१४ रुपये आहे आणि त्याची पाचपट ३,५७० होते, म्हणजे पाच वर्षे एकदम घेण्यात थेट सवलत अशी काही नाही, उलट थोडे जास्तच जातात. फायदा एवढाच की मधल्या काळात दर वाढले तरी आपल्यावर त्याचा परिणाम होत नाही आणि विमा खंडित होण्याची भीती राहत नाही. विद्युत दुचाकींना थर्ड पार्टी दरात १५ टक्के सवलत आहे.

एवढ्या रकमेत नेमके काय मिळते, ते समजावून घेणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण ‘पोलिसांसाठी काढायचा विमा’ अशी जी याची ओळख झाली आहे ती या उत्पादनावर अन्याय करणारी आहे. आपल्या गाडीच्या धडकेत दुसऱ्या व्यक्तीचा मृत्यू झाला किंवा तिला इजा झाली, तर विमा कंपनीच्या जबाबदारीला रकमेची मर्यादा नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जी भरपाई ठरवील ती कंपनीने द्यायची. ही भरपाई किती असू शकते याचा एक हिशेब मांडतो. समजा, मानेवाडा रिंग रोडवर रस्ता ओलांडणाऱ्या एका ३५ वर्षांच्या माणसाला आपल्या गाडीची धडक बसून तो दगावला. त्याचा स्वतःचा छोटा व्यवसाय होता, महिन्याला २०,००० रुपये मिळत होते, आणि घरी पत्नी व दोन मुले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या निर्णयांत घालून दिलेल्या पद्धतीप्रमाणे या मिळकतीत भविष्यातील वाढीपोटी ४० टक्के मिळवतात, म्हणजे २८,००० रुपये होतात. त्यातून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी एक तृतीयांश वजा करून वर्षाचे २,२४,००० रुपये उरतात, आणि या वयासाठीचा १६ हा गुणक लावला की रक्कम ३५,८४,००० रुपयांवर पोहोचते. अंत्यसंस्कार, सहवासाची हानी वगैरे शीर्षकांखालील रकमा आणि व्याज त्याच्या वर. विमा नसता तर ही सगळी रक्कम गाडीमालकाकडून, प्रसंगी त्याच्या घरादारावर जप्ती आणून वसूल करता आली असती. दुसरीकडे, मृताच्या कुटुंबाच्या दृष्टीने पाहिले तर धडक देणाऱ्याकडे पैसे आहेत की नाहीत यावर त्या मुलांचे शिक्षण अवलंबून राहत नाही, ते या पॉलिसीमुळेच. चूक कोणाची हे सिद्ध न करता कलम १६४ खाली मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागण्याचा मार्गही आहे. महिन्याला ७६ रुपयांत एवढी जबाबदारी स्वीकारणारे दुसरे कोणतेही उत्पादन बाजारात नाही, असे मी जबाबदारीने म्हणतो.

मालमत्तेच्या नुकसानीचे तसे नाही. तिथे दुचाकीसाठी कमाल १ लाख रुपयांची मर्यादा आहे, आणि शेड्यूलमध्ये ती वेगळ्या ओळीत छापलेली असते. भाजीचा हातठेला किंवा ऑटोरिक्षाचे नुकसान त्यात सहज बसते, परंतु एखाद्या महागड्या कारचा दरवाजा, सेन्सर आणि रंगकाम यांचे बिल दीड लाखावर गेले तर वरचे पन्नास हजार आपल्या खिशातून जातात. याच ओळीत काही पॉलिसींवर १ लाखाऐवजी ६,००० रुपये असा आकडा आढळतो. ही कायद्यातील किमान मर्यादा आहे आणि ती स्वीकारल्यास प्रीमियममध्ये किरकोळ सूट मिळते. ही सूट कोणीही घेऊ नये. आपल्याला न विचारता ६,००० लिहिलेले दिसले, तर पॉलिसी दुरुस्त करून घ्यावी.

मागे बसणाऱ्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. नागपुरात दुचाकीवर एकट्याने फिरणारी माणसे कमी. नवरा-बायको, आई-मुलगा, कॉलेजातल्या मैत्रिणी, असे दोघे जण असतातच. आपली गाडी दुसऱ्या वाहनाच्या चुकीने पडली, तर मागे बसलेली व्यक्ती त्या दुसऱ्या वाहनाच्या दृष्टीने तृतीय पक्ष ठरते आणि तिला त्या वाहनाच्या विम्यातून भरपाई मागता येते. परंतु चूक आपलीच असेल, गिट्टीवरून गाडी घसरली असेल किंवा दुभाजकाला धडकली असेल, तर काय? केवळ कायद्यापुरत्या काढलेल्या थर्ड पार्टी पॉलिसीत मागे विनामोबदला बसलेल्या व्यक्तीची जबाबदारी कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये म्हटले आहे. संपूर्ण, म्हणजे पॅकेज, पॉलिसीत मात्र ती येते, हे २०१२ च्या निर्णयाने स्पष्ट झाले. एक अधिक पाच पॉलिसीचे पहिले वर्ष पॅकेजचे असते, आणि ओन डॅमेज संपून केवळ दायित्वाचा भाग उरला की नेमक्या याच मुद्द्यावर वाद उभा राहू शकतो. म्हणून पॉलिसीच्या दायित्वाच्या कलमात गाडीवर बसलेल्या व्यक्तींचा उल्लेख आहे का, हे वाचावे आणि कंपनीला ईमेलने विचारून उत्तर जपून ठेवावे. दरवर्षी ओन डॅमेज चालू ठेवण्याचे माझ्या लेखी हेही एक सबळ कारण आहे.

आता गाडी चालवणाऱ्याचा स्वतःचा विचार. थर्ड पार्टी विम्यात त्याला स्थान नाही. स्वतःच्या चुकीने तो पडला तर त्याच्यासाठी असते ते मालक-चालकाचे वैयक्तिक अपघात कवच, ज्याची रक्कम २०१८ मध्ये दुचाकीसाठी पूर्वीच्या १ लाखावरून १५ लाख रुपये करण्यात आली. मृत्यू झाल्यास, दोन अवयव किंवा दोन्ही डोळे गेल्यास पूर्ण रक्कम मिळते आणि एक अवयव किंवा एक डोळा गेल्यास निम्मी. हाड मोडले, मेडिकल चौकाजवळच्या एखाद्या रुग्णालयात आठवडाभर राहावे लागले, तर त्या बिलासाठी या कवचातून एक रुपयाही मिळत नाही. त्यासाठी आरोग्य विमाच लागतो.

या कवचाची सर्वांत मोठी अट नावातच आहे. ते गाडीच्या नोंदणीकृत मालकाला, तो स्वतः वैध परवान्यासह गाडीवर असतानाच मिळते. आपल्याकडे गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवणार मुलगी किंवा मुलगा, ही सर्रास पद्धत आहे. अशा गाडीवरून कॉलेजला जाणाऱ्या मुलीला स्वतःच्या चुकीने अपघात झाला, तर थर्ड पार्टीतून तिला काही नाही, कारण मालकाकडून गाडी घेऊन चालवणारा मालकाच्या जागी उभा राहतो असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ठरवले आहे, आणि वैयक्तिक कवचातूनही काही नाही, कारण ती मालक नाही. शोरूममध्ये फॉर्म भरताना “कोणाच्या नावावर?” हा प्रश्न फक्त आरटीओच्या कागदांसाठी विचारला जातो, पण विम्याच्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. माझी मुलगी सज्ञान आहे आणि तिच्याकडे परवाना आहे, म्हणून आम्ही गाडी तिच्याच नावावर नोंदवली. ज्यांच्या घरी एक गाडी तिघे चालवतात त्यांनी प्रत्येकासाठी स्वतंत्र वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्यावी. मालकाकडे निदान १५ लाखांची अशी स्वतंत्र पॉलिसी आधीच असेल तर गाडीबरोबरचे कवच पुन्हा घेण्याची सक्ती नाही, हेही काउंटरवर सांगितले जात नाही. शिवाय या कवचाची मुदत शेड्यूलमध्ये वेगळी छापलेली असते, आणि ती पुष्कळदा एकाच वर्षाची असते.

परवान्याबद्दल थोडक्यात. चालकाकडे वैध परवाना नसेल तर न्यायाधिकरण अनेकदा कंपनीला भरपाई द्यायला लावते, पण ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभाही देते. २००४ पासून ही भूमिका प्रस्थापित आहे. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर कलम १९९अ खाली पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, आणि गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. शिकवणी वर्गांच्या बाहेर उभ्या असलेल्या गाड्यांच्या रांगा पाहिल्या की या तरतुदीची अनेक पालकांना कल्पनाच नसावी असे वाटते.

ओन डॅमेजच्या भागात चोरी, आग, दंगल, वीज, भूकंप, पूर आणि अपघात हे सगळे येते. नागपूरकराला यातला पूर वेगळा समजावून सांगायची गरज नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अवघ्या काही तासांच्या पावसाने अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचे पाणी वस्त्यांत शिरले, मोरभवनचे बसस्थानक पाण्याखाली गेले आणि अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट परिसरात तळमजल्यांवर आणि पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या असंख्य गाड्या चिखलाने भरल्या. आमच्या परिचयातील एका निवृत्त शिक्षकांची स्कूटर त्यात रात्रभर बुडाली होती. पॉलिसीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात २०२७ ची तारीख होती, म्हणून ते निश्चिंत होते. ती तारीख थर्ड पार्टीची होती. ओन डॅमेजची मुदत त्याच पानावर, खालच्या एका चौकटीत, काही आठवड्यांपूर्वीच संपल्याचे लिहिलेले होते. इंजिन उघडणे, वायरिंग बदलणे आणि बॅटरी यांचा सगळा खर्च त्यांना स्वतः करावा लागला. कंपनीने नियम मोडला असे म्हणता येत नाही. परंतु ज्या कागदावर दोन वेगवेगळ्या मुदती आहेत त्यावर दोन्ही सारख्याच ठळकपणे छापल्या जाव्यात, आणि एक वर्ष संपताना विक्रेत्याने फोन करून तसे सांगावे, एवढी अपेक्षा रास्त आहे. या उत्पादनाचा मला आढळलेला सर्वांत मोठा दोष हाच.

पुराच्याच संदर्भात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. पाण्यात बुडालेली गाडी सुरू करून पाहू नये. बंद गाडीत पाणी शिरून झालेले नुकसान पॉलिसीत येते, पण किक मारल्याने किंवा बटण दाबल्याने इंजिनात पाणी खेचले जाऊन ते बिघडले तर कंपनी ते परिणामी नुकसान मानून नाकारू शकते. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे जोड कवच लागते.

अपघाताच्या दाव्यात हातात किती रक्कम येते, याबद्दलही स्पष्टता हवी. प्लास्टिक, रबर, टायर आणि बॅटरी यांवर सरसकट ५० टक्के घसारा कापला जातो, तर धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे. समजा, अडीच वर्षांची स्कूटर आडवी पडली आणि बिल १२,००० रुपये झाले. त्यात प्लास्टिकचे पॅनल ६,०००, धातूचे भाग ३,००० आणि मजुरी ३,००० रुपये आहे. प्लास्टिकचे निम्मे म्हणजे ३,०००, धातूवर १५ टक्के वजा जाऊन २,५५०, मजुरी पूर्ण ३,००० आणि त्यातून १०० रुपयांची अनिवार्य कपात, असे ८,४५० रुपये कंपनी देईल आणि बाकीचे आपण भरायचे. स्कूटरचे बाहेरचे अंग बहुतांशी प्लास्टिकचेच असल्याने झिरो डेप, म्हणजे घसारा न कापता भरपाई देणारे जोड कवच, मोटरसायकलपेक्षा स्कूटरला जास्त उपयोगी पडते. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्यास पुढच्या प्रीमियममध्ये मिळणारी सवलत, जाईल या भीतीने लोक दावा करत नाहीत, तेही तपासून पाहावे. बोनस २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत वाढत जातो हे खरे, परंतु तो फक्त ओन डॅमेजच्या प्रीमियमवर मिळतो आणि दुचाकीचा तो प्रीमियम मुळातच लहान असतो. आठ हजारांचा दावा काहीशे रुपयांच्या सवलतीसाठी सोडण्यात हित नाही.

गाडीची विमा किंमत, म्हणजे आयडीव्ही, पहिल्या सहा महिन्यांत किमतीच्या ९५ टक्के धरली जाते, दुसऱ्या वर्षात ८० टक्के, तिसऱ्यात ७० टक्के आणि अशीच उतरत पाचव्यात ५० टक्के. चोरी झाल्यास याच रकमेच्या आधारे भरपाई मिळते, म्हणून मोबाइलवर दर तुलना करताना सर्वांत कमी प्रीमियम दाखवणाऱ्या पर्यायात आयडीव्ही किती धरली आहे हे आधी पाहावे. शंभर रुपये वाचवण्यासाठी गाडीची किंमत दहा हजारांनी उतरवून घेतल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

दुसऱ्या वर्षापासून ओन डॅमेज स्वतंत्रपणे घेता येते. सप्टेंबर २०१९ पासून ही सोय आहे आणि थर्ड पार्टी ज्या कंपनीची आहे त्याच कंपनीकडून ते घ्यावे असे बंधन नाही. मुदत संपून नव्वद दिवस उलटले की साठलेला बोनस जातो, आणि मध्ये खंड पडला तर गाडीची तपासणी करवून घ्यावी लागते. पहिल्या वेळीही शोरूमचीच पॉलिसी घेण्याची सक्ती नाही. आम्ही शोरूमचा आकडा लिहून घेतला, सार्वजनिक क्षेत्रातील एका कंपनीच्या शाखेत आणि ऑनलाइन तो पडताळला, आणि ओन डॅमेजच्या भागात लक्षात येण्याजोगा फरक आढळला. हे सांगताच शोरूमनेही दर कमी केला. शोरूमच्या पॉलिसीची एक जमेची बाजू अशी की त्यांच्या वर्कशॉपमध्ये कॅशलेस दुरुस्ती विनासायास होते. घरापासून वर्कशॉप जवळ असेल तर त्यासाठी थोडे जास्त मोजणे मला गैर वाटत नाही.

जे तरुण याच गाडीवर जेवणाचे डबे किंवा पार्सल पोहोचवतात त्यांनी मात्र ही पॉलिसी आहे तशी घेऊ नये. खासगी दुचाकीच्या पॅकेज पॉलिसीत भाड्याने वापर आणि मालाची वाहतूक वगळलेली असते. कंपनीला वापर आधीच लेखी कळवून त्याप्रमाणे पॉलिसी मागावी.

दाव्याची वेळ आलीच तर कंपनीला त्याच दिवशी कळवावे, गाडी हलवण्याआधी छायाचित्रे काढावीत, आणि कोणी जखमी असेल तर आधी त्याला रुग्णालयात पोहोचवून पोलिसांना खबर द्यावी. चोरीच्या दाव्यात एफआयआरबरोबर गाडीच्या दोन्ही किल्ल्या मागतात, म्हणून दुसरी किल्ली जपून ठेवावी. कागदपत्रे डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवर असली तरी चौकात चालतात. दावा नाकारला गेला किंवा रखडला तर प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी जावे, त्यानंतर आयआरडीएआयच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. त्यानेही भागले नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. नागपूर हे पुण्याच्या लोकपाल कार्यालयाच्या अखत्यारीत येते, तिथे शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही. कंपनीच्या अंतिम उत्तरानंतर एका वर्षाच्या आत हा अर्ज करायचा असतो, त्यामुळे नकाराचे पत्र ज्या दिवशी हाती येईल ती तारीख त्याच पत्रावर लिहून ठेवावी.